सेटिंग

'सेटिंग लावणे' या शब्दांना आपल्याकडे फारसा बरा वास नाही. बदलीसाठी सेटिंग लावतात, टेंडरसाठी लावतात, आणि कॉलेजात कुणाची कुणाशी लागली आहे ते प्राचार्य सोडून सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे मागच्या रविवारी समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी "सकाळपासून दिसला नाहीत?" असं विचारल्यावर मी "काही नाही हो, सेटिंग लावत बसलो होतो" म्हणालो, तेव्हा त्यांनी आधी जिन्यात कुणी नाही ना ते बघितलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या खात्यात?"

खातं ग्राफिक्स कार्डाचं होतं. काकांचा चेहरा पडला. त्यांच्या जावयाची बदली गडचिरोलीला झाली आहे.

माझं वय ४५, नोकरी बँकेत, राहणं डोंबिवलीत, आणि खेळतो तो गेम एकच, 'एज ऑफ एम्पायर्स २'. तो १९९९ साली आला, म्हणजे माझ्या लग्नापेक्षा जुना आहे. खेळतो म्हणणंही तसं धाडसाचंच. गेल्या महिन्यात मी तो जेमतेम दीड तास खेळलो. बाकीचा वेळ तो नीट चालावा म्हणून गेला. त्या बाकीच्या वेळाचा हिशेब बायकोने ठेवला आहे. आकडा इथे देत नाही, कारण लेख संपेपर्यंत वाचकांची सहानुभूती मला हवी आहे.

जुन्या मैफलींत एखादे बुवा तंबोरा लावायला बसले की अर्धा तास सहज जायचा. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा किंचित मागेपुढे करायचा, कान लावायचा आणि मान हलवायची, नाही अजून. श्रोते पान जमवायचे, तक्क्याला टेकायचे, पण "बुवा, आता गा" असं कुणी म्हणत नसे. माझं अगदी तसंच आहे. फरक इतकाच, की बुवा नंतर गायचे.

याची सुरुवात सांगलीला झाली असं म्हणता येणार नाही. तिथे इंजिनिअरिंगला असताना, २००१च्या सुमारास, होस्टेलच्या खोलीत आम्हा चौघांत मिळून एक कॉम्प्युटर होता. त्याला बाजूचं झाकण नव्हतं आणि उन्हाळ्यात खोलीतला एकमेव टेबलफॅन त्याच्यावर सोडलेला असायचा. आम्ही घामाने निथळायचो, कॉम्प्युटर गार असायचा. गेममध्ये सेटिंग म्हणावं असं फार काही नव्हतंच. चित्र किती मोठं हवं त्याचे तीन पर्याय होते: ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ आणि १२८० बाय १०२४. तिसरा आमच्या मॉनिटरला झेपत नव्हता, म्हणजे निवड दोनातच. त्यामुळे आम्ही नाइलाजाने खेळायचो.

घोटाळा झाला तो २०१० साली, विंडोज ७चा नवा कॉम्प्युटर घरात आल्यावर. जुनी सीडी शोधून गेम टाकला, सुरू केला, तर पाणी आमसुलाच्या साराच्या रंगाचं आणि गवतावर जांभळं पुरळ उठलेलं. मेंढ्या चरत होत्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला वाटलं मॉनिटर गेला. केबल काढली, तिच्यात फुंकर मारली, परत लावली. (फुंकर कशासाठी ते मला विचारू नका. आमच्या पिढीने टेपरेकॉर्डरपासून मिक्सरपर्यंत सगळं फुंकरीवर दुरुस्त केलं आहे.) पाणी तांबडं ते तांबडंच.

भानगड अशी होती. हा जुना गेम एकूण २५६ रंगांत चित्र काढतो. रंगीत खडूंची एक पेटी समजा. 'सतरा नंबरचा खडू' म्हटलं की तो कुठला हिरवा, ते पेटीवर ठरतं. नव्या विंडोजमधला एक्सप्लोरर, म्हणजे ज्याच्या जिवावर डेस्कटॉप आणि खालची पट्टी दिसते तो, मध्येच पेटीत हात घालून काही खडू बदलून ठेवायचा. गेम बिचारा विश्वासाने सतरा नंबर उचलायचा आणि गवताला पुरळ उठायचं.

यावर जगभरच्या माणसांनी दोन उपाय शोधले होते. पहिला, टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोररचाच गळा दाबायचा. मी दाबला. क्षणात आयकॉन गेले, पट्टी गेली, घड्याळ गेलं, उरलं ते निळं पटांगण. बायको नेमकी तेव्हाच चहा घेऊन आली.

"अहो, माझे केळवणाचे फोटो कुठे गेले?"

"आहेत गं. फक्त दिसत नाहीयेत."

हे वाक्य संसारात बोलू नये. पुढचा आठवडा मी दुसऱ्या उपायावर काढला. तो उपाय असा, की स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडायची, तिच्यात काहीही बदलायचं नाही, ती नुसती उघडी ठेवायची आणि गेम सुरू करायचा. पाणी निळं, गवत हिरवं! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडं ठेवतात, तेवढाच कार्यकारणभाव मला त्यात कळला. पण लक्ष्मीचा अनुभव आम्हाला इतका रोकडा कधी आला नव्हता. त्या दिवशी मी बिघडलो. खेळून राज्य जिंकल्यावर जे वाटायचं, त्याच्या दुप्पट मला ते निळं पाणी बघून वाटलं. मग गेम बंद केला आणि झोपलो.

पुढे लॅमिंग्टन रोडवरून वेगळं ग्राफिक्स कार्ड आणलं. (रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला डॉक्टरांची वेळ सांगतील.) कार्ड आलं की त्याचं पॅनेल येतं, आणि पॅनेलमध्ये वीसेक ओळी असतात. प्रत्येक ओळीपुढे 'चालू', 'बंद' आणि 'गेम ठरवेल तसं' असे पर्याय. समंजस माणूस तिसऱ्यावर बोट ठेवून जेवायला उठतो.

पहिली ओळ अँटी-अलायझिंगची. पडदा चौकोनी ठिपक्यांचा, त्यामुळे तिरक्या रेघेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात आणि देवळाचं शिखर करवतीसारखं दिसतं. कडेच्या ठिपक्यांचे रंग शेजारच्यांत मिसळून या पायऱ्या बुजवायच्या, त्याचे २एक्स, ४एक्स, ८एक्स असे चढते दर. मग २एक्सवर बघायचं, ४एक्सवर बघायचं, परत २एक्सवर यायचं. डोळे तपासताना भिंगं बदलत डॉक्टर विचारतात ना, "आता बरं दिसतंय की मगाशी?", आणि आपण घाबरून "आता" म्हणतो, कारण "दोन्ही सारखंच" म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. इथे डॉक्टरही मीच आणि पेशंटही मीच. एका रात्री ८एक्स केल्यावर चित्र असं काही रेशमी झालं की मी हरखून बायकोला हाक मारली. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचा माझा चष्मा उचलून माझ्या हातात दिला. चाळिशी लागलेल्या माणसाला अँटी-अलायझिंग फुकट मिळतं. कार्ड विकणारे हे सांगत नाहीत.

सगळ्यात महाग मात्र सावली. हल्लीच्या थ्री-डी गेममध्ये सावली पाडायची तर आधी सूर्याच्या जागी उभं राहून सगळं दृश्य एकदा मोजायचं, कोण कुणाच्या आड येतंय ते टिपून ठेवायचं, आणि मग आपल्या जागेवर येऊन परत काढायचं. म्हणजे माणसाचा खर्च एकदा आणि त्याच्या सावलीचा वेगळा. गेम अडखळायला लागला की जाणकार पहिली कात्री सावलीला लावतात. हे मी नागपूरच्या ताईला कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे मे महिन्यात उलटं असतं रे. सावली दिसली तरच माणूस पुढे चालतो."

व्ही-सिंक मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, डोंबिवली स्टेशनवर कळलं. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक लोकल सुटते. कार्डाचं काम प्रत्येक लोकलला एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, चढवून देणं. व्ही-सिंक बंद असेल तर चित्र धावत्या गाडीत उडी मारतं. मॉनिटर निम्म्यावर आलेला असताना नवं चित्र आत घुसतं आणि वरचा भाग जुन्याचा, खालचा नव्याचा अशी फाटाफूट होते. घोडेस्वार ठाकुर्लीला आणि घोडा कोपरला. व्ही-सिंक चालू केलं की शिस्त येते. गाडी फलाटाला लागेपर्यंत चढायचं नाही. पण मग दर चित्राला साडेसोळाच्या जागी सतरा मिलिसेकंद लागायला लागले, की दर वेळी गाडी डोळ्यांदेखत सुटते आणि पूर्ण पुढच्या गाडीपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे साठाचे एकोणसाठ होत नाहीत, एकदम तीस होतात. आमच्या बँकेत लेट मार्क याच तत्त्वावर चालतो. तीन मिनिटं उशीर, अर्धा दिवस रजा.

आता ड्रायव्हर. कार्ड आणि विंडोज यांच्यात बोलणी करणारा हा मध्यस्थ दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा निघतो आणि नवा टाकला की जुनं दुखणं जाऊन नवं येतं. मग जाणती माणसं सल्ला देतात की मागचाच बरा होता, परत तोच टाका. व्हिस्टापासून विंडोजने एक सोय केली आहे. कार्ड कामात गुंगून दोन सेकंद उत्तरच देईनासं झालं, की विंडोज त्याला हलवून जागं करतं आणि खाली कोपऱ्यात पाटी लावतं: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं बंद केलं होतं आणि आता तो सावरला आहे. ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजोबा आठवले. कीर्तनात त्यांची मान छातीवर यायची, आजी कोपराने ढोसायची, आणि ते ताठ बसून म्हणायचे, "झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

या मध्यस्थांच्या इमानदारीबद्दल एक जुनी कथा आहे. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डावर 'क्वेक ३' हा गेम फार झपाट्याने पळायचा. काही संशयी लोकांनी गेमच्या फाईलमधल्या 'क्वेक'चं 'क्वॅक' केलं. बाकी काही नाही, एक नाव बदललं. गेमचा वेग लगेच उतरला आणि चित्र मात्र सुधारलं! ड्रायव्हर गेमचं नाव वाचून ओळखत होता की हा परीक्षेला बसवला जाणारा गेम, आणि गुपचूप चित्राचा दर्जा खाली आणून वेग वाढवत होता. शिक्षणाधिकारी येणार म्हटल्यावर कच्च्या मुलांना त्या दिवशी रजा देणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला फार धक्का बसला नाही. पण माणसाची सेटिंग लागण्याआधी कार्डाने स्वतःची लावून घ्यावी, याचं कौतुक वाटलं.

असो. एवढं ज्ञान अंगात मुरल्यावर ते कुठे तरी बाहेर पडायला हवं होतं. ती संधी ताईच्या मुलाने दिली. त्याचा फोन आला तेव्हा त्याची दहावी दोन महिन्यांवर होती.

"मामा, नवा लॅपटॉप बेकार निघाला. गाड्यांचा गेम लावला की अटकून अटकून चालून राहिला."

"फ्रेम किती पडतायत?"

"चौदा."

"फॅनचा आवाज येतोय का?"

"नाही ना. एकदम शांत आहे."

तिथेच निदान झालं. आमच्या डॉक्टर काकांना खोकला ऐकूनच पेशंट कुठल्या गिरणीत होता ते कळायचं म्हणे. अशा लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात. एक प्रोसेसरच्या पोटातलं, साधं, घरच्याच मेमरीतून उसनं घेऊन भागवणारं. दुसरं खरं दणकट, स्वतःची मेमरी घेऊन आलेलं, पण बॅटरी खातं म्हणून एरवी झोपवून ठेवलेलं. कुणी राबायचं ते लॅपटॉप आपल्या मनाने ठरवतो, आणि एखाद्या गेमच्या वेळी त्याचा अंदाज चुकतो. मग धाकटी सून एकटी पंगतीचा स्वयंपाक करत असते आणि थोरली माडीवर झोपलेली. दणकट कार्डाला काम असतं तर फॅनने घर डोक्यावर घेतलं असतं. शांतता होती याचा अर्थ थोरलीला कुणी हाक मारलीच नव्हती.

मी सांगायला लागलो. पॅनेल उघड, थ्री-डी सेटिंग्जमध्ये जा, प्रोग्रॅमच्या यादीत गेमचं नाव टाक... एवढ्यात फोन ताईने घेतला आणि ती बहुतेक बाल्कनीत गेली, कारण मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले.

"हे बघ, तुला यातलं कळतं ना? मग असं काही तरी कर, की तो गेम मार्चपर्यंत चालायलाच नको. त्याला वाटू दे लॅपटॉपच तसा आहे."

धर्मसंकट कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी समजलं. एका बाजूला सख्खी बहीण, भाच्याचं दहावीचं वर्ष. दुसऱ्या बाजूला चौदा फ्रेम, आणि एका ओळीत बरा होणारा आजार. मी ताईला "बघतो" म्हणालो. आमच्या घराण्यात "बघतो"चा अर्थ "नाही" असा होतो, पण लग्न होऊन तिला वीस वर्षं झाल्यामुळे ती हे विसरली असावी. रात्री भाच्याला निरोप पाठवला: 'हाय परफॉर्मन्सवालं कार्ड निवड, सेव्ह कर, गेम बंद करून परत लाव.' दहा मिनिटांत उत्तर आलं: 'मामा, ५८! फॅन विमानासारखा वाजून राहिला!' मला भरून आलं.

दहावीला त्याला किती पडले ते ताईने मला अजून सांगितलेलं नाही. त्याला विचारलं तर तो "साठ" म्हणतो. हे मार्क की फ्रेम, ते विचारायची माझी हिंमत नाही.

आता मागच्या रविवारचं. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची २०१९ साली सजवून नवी आवृत्ती निघाली. रंगांचं दुखणं त्यात गेलं, पण परीक्षा आली. दुसऱ्यांशी मानांकनाचा सामना खेळायचा असेल तर आधी कॉम्प्युटरने चाचणी द्यायची. लढाई आपोआप चालते, आपण हाताची घडी घालून बघायचं, आणि शेवटी गुण मिळतात. उत्तीर्ण व्हायला हजार लागतात. माझ्या कॉम्प्युटरला ९६२ पडले.

बायको म्हणाली, "अहो, ९६२ म्हणजे चांगलेच आहेत की." तिला हजारपैकी वाटले.

मी कामाला लागलो. जादा बारीक चित्रांचा एक फुकट मिळणारा गठ्ठा हौसेने उतरवून घेतला होता, तो काढून टाकला. ९८४. मागे चालू राहिलेले पाच प्रोग्रॅम बंद केले. ९९१. सोसायटीत मुलांचं क्रिकेट सुरू होतं, जेवायला हाक आली, मी "दोन मिनिटं" म्हणालो. मग कॉम्प्युटरचं झाकण काढलं. कार्ड फार तापलं की ते स्वतःच आपला वेग उतरवतं, हे ठाऊक होतं. का तापतं ते आत बघितल्यावर कळलं. पंख्याच्या पात्यांवर राखाडी गोधडी होती. तिच्यात गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलच्या दोन गोळ्या, एक केस आणि अगरबत्तीचं टोक. मखर गेल्या वर्षीचं नव्हे. थर्माकोल बंद होऊन बरीच वर्षं झाली. मुलीच्या चित्रकलेचा जाड ब्रश घेतला, पातं बोटाने धरून एकेक कड साफ केली, शेवटी रिवाजाप्रमाणे फुंकर मारली. समोर उभ्या असलेल्या बायकोच्या इस्त्रीच्या कपड्यांवर काय गेलं ते सांगत नाही.

१०१७.

मी ताबडतोब सामना लावला. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दिसावा अशी सोय केलीच होती. ६०. गावकरी मेंढ्यांकडे निघाले: ६०. लाकूडतोडे जंगलात शिरले: ५९. मी श्वास रोखला. परत ६०. नकाशा भर्रकन इकडून तिकडे सरकवला, झाडं, नदी, दगडाच्या खाणी, सगळं तुपासारखं. मुद्दाम तीसेक गावकऱ्यांना एकाच ठिकाणी गर्दी करायला लावली. ६०. खिडकीला टेकून डोळे बारीक केले, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. ६०.

बायको मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"अहो, ते डावीकडे काय जळतंय?"

डावीकडे माझं गाव जळत होतं. समोरचा प्राणी, जगात कुठे होता कोण जाणे, केव्हाच घोडदळ घेऊन आत शिरला होता. घरं पेटली होती, गावकरी सैरावैरा पळत होते, घंटा वाजत होती.

"ते जाऊ दे," मी म्हणालो, "तू कोपऱ्यात बघ. एवढी आग लागलीय, पण साठच्या खाली आलंय का?"